परसातल्या घराचा परवाना
कॅलिफोर्नियात परसात दुसरं छोटं घर बांधायचं म्हटलं की पूर्वी जाहीर सुनावण्या, शेजाऱ्यांच्या हरकती आणि पार्किंगच्या अटींतच माणूस मेटाकुटीला यायचा. राज्याच्या कायद्यांनी, विशेषतः २०२० पासून लागू झालेल्या कायद्यांनी, हे टप्प्याटप्प्यानं बदललं. आता परिपूर्ण अर्जावर शहराला ६० दिवसांत निर्णय द्यावाच लागतो. ८०० चौरस फुटांचं, १६ फूट उंचीचं घर मागच्या आणि बाजूच्या हद्दीपासून चार फूट सोडून बसत असेल, तर ते सहसा अडवता येत नाही. ७५० चौरस फुटांपेक्षा लहान घराला विकासशुल्कही माफ आहे. सॅन होजे, फ्रीमाँटकडच्या मराठी कुटुंबांना म्हणूनच कळकळीनं सांगते : आईवडिलांसाठी असं घर बांधताना फरशी निवडण्याआधी नकाशा पक्का करा. हद्दीपासूनचं अंतर, सांडपाण्याच्या नळाचा मार्ग, विजेच्या मुख्य पॅनेलची क्षमता त्यावर स्पष्ट दाखवा. एखादी गोष्ट राहिली की अर्ज दुरुस्तीला परत येतो आणि महिने वाया जातात. शहरानं आधीच मंजूर केलेला नकाशा घेतला, तर वेळ आणखी वाचतो. गुडघे दुखणाऱ्या आईला जिना नसलेली, स्वतःच्या स्वयंपाकघराची जागा मिळणं ही चैन नव्हे. कायद्यानं दार उघडलं आहे, तर मुलांनी मागे राहू नये.