घरच्या शाळेचे कौतुक आणि गावची शाळा

लखनौच्या रायबरेली मार्गावर वृंदावन योजना ही वसाहत आहे. त्याच मार्गावरील बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठात 2013 साली तेरा वर्षांच्या सुषमा वर्माने सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.साठी प्रवेश घेतला, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी तिच्या बुद्धीचे गोडवे गायिले. पाचव्या वर्षापर्यंत घरी शिकून ती थेट नववीत बसली होती आणि सातव्या वर्षी, 2007 मध्ये, दहावी उत्तीर्ण झाली होती. तिचे कर्तृत्व निःसंशय असामान्य आहे. परंतु तिच्या शिक्षणासाठी मजूर पित्याला जमीन विकावी लागली, हा बातमीत केवळ हृदयस्पर्शी तपशील ठरला. केंद्रीय विद्यापीठात मुलीला धाडण्यासाठी मजुराने जमीन का विकावी, हा प्रश्न कौतुकाच्या गजरात बुडाला.

2016 मध्ये मुंबईच्या मालविका जोशीची कथा गाजली. सातवीत शाळा सोडून घरी शिकलेल्या या मुलीने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळविली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आय.आय.टी.ची दारे तिला बंद होती, अमेरिकेतील एम.आय.टी.ने मात्र प्रवेश दिला. प्रमाणपत्राच्या जाचावर टीका झाली, ती योग्यच. पण मुलीला शिकविण्यासाठी आईने नोकरी सोडली होती. एका मिळकतीवर चालणारे घर, हीच या शाळेची पहिली इमारत होय.

पहाटे ऊसतोडीला किंवा धुण्याभांड्याला जाणाऱ्या आईने कोणती नोकरी सोडावी? तिच्या घरी थांबलेल्या मुलीच्या हाती पुस्तक नव्हे, धाकटे भावंड येते.

1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शेजारच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तरीही उत्तर प्रदेश सरकारने जून 2025 मध्ये कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळांत विलीन करण्याचा आदेश काढला. पट का घटला, याची जबाबदारी सरकारचीच आहे. शाळा दूर गेली की गरिबाची मुलगी घरी बसते. तिच्या वाट्याला येणाऱ्या या ‘गृहशिक्षणा’चे छायाचित्र कोणी छापत नाही.

घरी शिकविणाऱ्या पालकांशी कष्टकऱ्यांचे वैर नाही. मात्र दोन-चार तेजस्वी मुलांची उदाहरणे दाखवून कोट्यवधी मुलांची शाळा अनावश्यक ठरविण्याचा डाव ओळखला पाहिजे. प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत बंद होणाऱ्या शाळेची नोंद घेऊन पालक व शिक्षकांना एकत्र आणणे, हेच आजचे तातडीचे कार्य आहे.