शाल नको, फाईल हलवा

माजी सैनिकांचे सत्कार करणाऱ्यांना कुणीतरी एकदा तोंडावर सांगायला हवं, म्हणून सांगतो: हे सत्कार बंद करा. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात स्वातंत्र्यदिनापासून प्रजासत्ताक दिनापर्यंत फौजींच्या खांद्यावर एवढ्या शाली पडतात, की तेवढ्यावर एखादं कापडदुकान वर्षभर चालावं. पुढाऱ्याचा फोटो निघतो, कार्यकर्त्याची हजेरी लागते, बातमीदाराची दोन कॉलम जागा भरते. ज्याच्या खांद्यावर शाल पडली त्याचं कुठे काय अडलंय, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

कारगिल विजय दिनाच्या एका कार्यक्रमातला प्रकार मी पुढच्या रांगेत बसून पाहिला. सत्कारमूर्तींपैकी एकाला गुडघ्याखाली पाय नाही. कृत्रिम पाय आहे, पण तो नीट बसत नाही म्हणून हातात कुबडी. मंच चार फूट उंच, चढायला तीन लाकडी पायऱ्या, धरायला काही नाही. दोघा पोरांनी त्याला बखोटीला धरून पोतं चढवावं तसं वर घेतलं. वर गेल्यावर एका हातात नारळ, दुसऱ्या हातात काचेची फ्रेम, गळ्यात हार. कुबडी धरायची कशात? ती घसरून खुर्चीखाली गेली आणि निवेदक माईकवर ओरडला, “टाळ्या थांबल्या नाही पाहिजेत!” पाहुण्यांना फोटोत सगळे उभे हवे होते, म्हणून तो माणूस त्या टाळ्यांत एका पायावर तोल सांभाळत उभा राहिला. खाली उतरल्यावर मला म्हणाला, “सर, पायाचं सॉकेट ढिलं झालंय. चालताना घासून रगत येतंय. पुण्याच्या सेंटरची तारीख पायजे. कोन फोन करंल काय?” तसा फोन करू शकणारे सगळे मघाशी मंचावरच बसले होते. तोवर ते पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले होते.

हे सेंटर म्हणजे पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर. ते 1944 पासून चालू आहे. बाहेरच्यांना वाटतं, पाय बसवला की झालं. तसं नसतं. उरलेल्या पायाचा आकार वर्षागणिक बदलतो, मांस आक्रसतं, सॉकेट हलायला लागतं, कातडी सोलते. पाय पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा, बदलावा लागतो, जन्मभर. दर वेळी निपाणीहून पुण्याला जायचं, सोबत एक माणूस न्यायचा, त्याचा रोजगार बुडवायचा. कार्यक्रमाच्या खर्चात या फेऱ्यांचा हिशोब कुणी धरत नाही.

या भागाला फौजी नवीन नाही. मराठा लाइट इन्फंट्री आपली वंशावळ 1768 सालच्या जंगी पलटणीपासून सांगते आणि तिचं केंद्र 1922 पासून बेळगावच्या कॅम्पात आहे. शंभर वर्षं इथल्या गावांनी तंबाखू पिकवला आणि रंगरूट पुरवले. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिरोळ तालुक्यातल्या एका टाकळीच्या नावाआधी तर ‘सैनिक’ हा शब्द कायमचाच चिकटला. याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीच्या बांधावर काय केलं, ते भाषणात सांगतात, पण अर्धंच. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, एवढंच सांगतात. मशीनगनच्या चौक्या उडवण्याआधी जाधवांनी खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एका जखमी साथीदाराला मागे आणलं, मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. जखमी माणूस मागे टाकायचा नाही, ही त्या पलटणीची रीत. आपली रीत अशी की जखमी माणूस घरी पोचला, मिरवणूक झाली, की त्याला तिथेच टाकायचं.

मिरवणुकीवरून आठवलं. हल्ली जवान पेन्शनीत आला की उघडी जीप, डीजे, भगवा फेटा, चौकाचौकात औक्षण. माझी त्याला हरकत नाही. सतरा-अठरा वर्षं हिमालयात घालवलेल्या माणसाला एक दिवस गावाने डोक्यावर घेतलं तर बिघडलं कुठे? पण दुसऱ्या दिवसापासून त्याच गावाचं त्याच्याशी काय नातं उरतं? एकच. “मामा, यंदा कोटा शिल्लक हाय काय?” लष्करी कॅन्टीनच्या रमची एक बाटली. हळदीला हवी, जत्रेला हवी, तलाठ्याला द्यायला हवी. देशप्रेमाने छाती भरून आलेल्या आपल्या समाजाचा माजी सैनिकाशी सर्वांत जिवंत व्यवहार बाटलीचा आहे, हे लाज वाटली तरी कबूल करा. मग तोच फौजी एखाद्या बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन स्टुलावर बसतो. आपण त्याला ‘ओ वॉचमन’ म्हणून हाक मारतो आणि पैसे काढायची स्लिप मागतो.

आता सरकारकडे वळू. अपंगत्वाची पेन्शन कशी अडते ते जरा जवळून बघा. जवान भरतीला जातो तेव्हा त्याचे दात, पाऊल, कान, छाती, सगळं तपासून घेतात. एक बोट वाकडं असलं तरी घरी पाठवतात. पंधरा वर्षांनी त्याचं शरीर मोडलं की मेडिकल बोर्ड लिहितं, या आजाराचा सेवेशी संबंध नाही. किंवा अपंगत्वाची टक्केवारी विसाच्या खाली लिहितं, कारण साधारणपणे विसाच्या खाली काही मिळत नाही. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच जडला असं धरावं, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग खटल्यात स्वच्छ सांगितलं. तरी सरकार अपिलावर अपील करत राहिलं. 2015 मध्ये संरक्षणमंत्री होते आपल्या गोव्याचे मनोहर पर्रीकर. त्यांनी समिती नेमली आणि अपंग सैनिकांविरुद्धची अशी अपिलं मागे घ्या असं तिने सुचवलं. समितीचा अहवाल आला, पर्रीकर गेले, अपिलं राहिली. डिसेंबर 2024 मध्ये नियंत्रण रेषेवर गस्त घालताना वारलेल्या एका नाईकच्या विधवेला कोर्टात खेचल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला 50 हजारांचा दंड केला. तिचा नवरा 2013 च्या जानेवारीत गेला होता. म्हणजे अकरा वर्षं.

खोटे दावे होतात, हा सरकारी बाजूचा आवडता मुद्दा. होत असतील. महालेखापरीक्षकांनी 2023 मध्ये दाखवून दिलं, की अपंगत्वाची पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण अधिकाऱ्यांत जवानांच्या दुपटीहून जास्त आहे. मग चौकशी कुणाची करायची? त्याच वर्षी नियम कडक झाले आणि कात्री सगळ्यांना सारखी लागली. वरच्यांना वकील परवडतो. सौंदलग्याच्या हवालदाराला परवडत नाही.

आणि परवडला तरी त्याने जायचं कुठे? कर्नाटकातला सैनिक सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या कोची पीठाच्या कक्षेत येतो. बंगळुरूत फिरतं पीठ बसलं तर नशीब. दूधगंगेच्या पलीकडे त्याच पलटणीत, त्याच बंकरमध्ये असलेला कागलचा जोडीदार मात्र मुंबई पीठाकडे जातो. निपाणीच्या फौजीला कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तर. दवाखाना, बाजार, सोयरीक सगळं कोल्हापूरला. कागद मात्र बेळगावला, तोही कानडीत. पेन्शनचा निर्णय प्रयागराजला. नाव लिहिणाऱ्या कारकुनाने बायकोचं ‘लक्ष्मीबाई’ पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, ‘लक्ष्मी देवी’ करून ठेवलेलं असतं. ते नवरा असेपर्यंत कुणाला कळत नाही. तो गेला की आधार कार्डावरची लक्ष्मीबाई आणि कागदावरची लक्ष्मी देवी एकच बाई आहे, हे ती दोन वर्षं सिद्ध करत बसते. एप्रिल 2022 मध्ये वार्षिक ओळख पटली नाही म्हणून देशभरात सुमारे 58 हजार निवृत्तांची पेन्शन अडली होती. ओरड झाली, मग एका फटक्यात सोडली. सोडता येत होती, तर अडवली कशाला?

सीमाभागातल्या माणसाने हे लिहिलं की दोन्हीकडचे लगेच सरसावतात. तेव्हा दोघांनाही ऐकवतो. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहतात, सीमाभागातली 865 गावं आमचीच म्हणतात, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा असल्याची आठवण करून देतात. ठीक. 2023 मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना या 865 गावांपर्यंत आणायचं ठरवलं. म्हणजे मनात आणलं तर हद्द आडवी येत नाही. मग या गावांतल्या जखमी सैनिकांची आणि वीरपत्नींची साधी यादी तरी तुमच्याकडे आहे का? आणि कर्नाटक सरकार, सरकारी जमीनवाटपाच्या 1969 च्या तुमच्या नियमांत माजी सैनिकांसाठी राखीव वाटा आहे. निपाणी तालुक्यात त्यातली किती जमीन प्रत्यक्ष कुणाच्या उताऱ्यावर चढली, हे एकदा जाहीर करा. मराठी फलक उतरवायला तुमची गाडी तासाभरात येते. पलटणीत बैलहोंगलचा कानडी पोरगाही ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणत चढाईला जातो, हे दोन्हीकडच्या वीरांना कुणीतरी कॅम्पात नेऊन दाखवा.

सत्काराने कुणाचं भागत नाही, हाताला काम लागतं. मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण आता सगळ्यांच्या तोंडी आहे, 2024 मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला म्हणून. पेठ इस्लामपूरचा पोरगा, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेला. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण, भारताचं पहिलं. पद्मश्री मिळाली 2018 ला. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला 2025 च्या जानेवारीत. पदकानंतर बावन्न वर्षांनी! या मधल्या काळात त्यांना पोसलं ते टेल्कोतल्या नोकरीने. नोकरी, लक्षात घ्या. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 पासून हेच करत आली आहे, अपंग जवानाच्या हाताला काम शिकवते. शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबाच्या बायकोला जे सुचलं, ते आमच्या सत्कार समित्यांना अजून सुचलेलं नाही. एका कार्यक्रमाच्या मंडप, साउंड आणि जेवणावळीच्या पैशांत कागदपत्रं कोळून प्यालेला एखादा निवृत्त सुभेदार मानधनावर ठेवून, बाजाराच्या दिवशी निपाणीत टेबल मांडता येतं. पीपीओतल्या चुका, वारस नोंदी, मेडिकल बोर्डाविरुद्धची अपिलं, पुण्याची तारीख. त्याला व्यासपीठ लागत नाही, म्हणून ते होत नाही.

घाई आहे, कारण पुढची फळी येऊ घातलीय. जून 2022 मध्ये चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि बेळगावच्या केंद्रातून अग्निवीरांची पहिली तुकडी 2023 मध्ये बाहेर पडली. चार वर्षं भरली की शंभरातले पंचवीस पलटणीत राहतील, बाकीचे पंचाहत्तर साधारण 11.71 लाख रुपये घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकांचा दवाखाना नाही, कॅन्टीन नाही. कुणाला सेवेत अपंगत्व आलं तर शंभर टक्क्यांना 44 लाख, पंचाहत्तरला 25, पन्नासला 15, एकरकमी. बाविसाव्या वर्षी कंबरेखाली लुळा झालेला पोरगा साठीपर्यंत जगला तर त्या 44 लाखांचं महिन्याला काय पडतं, ते आयोजकांनी मंडपवाल्याच्या बिलामागे लिहून पाहावं. कायद्याने त्याला माजी सैनिक म्हणणारच नाहीत. तेव्हा 26 जुलैला, कारगिल विजय दिनी, त्याला पाहुण्यांच्या रांगेत बसवायचं की प्रेक्षकांच्या, हे आत्ताच ठरवून ठेवा, आणि प्रेक्षकांत बसवणार असाल तर व्हीलचेअर आत येईल एवढं फाटक तरी उघडं ठेवा.