पान गळाल्यानंतरची मुसळी

सफेद मुसळी ही पावसाबरोबर उगवणारी आणि पाऊस सरताच जमिनीवरून नाहीशी होणारी छोटी बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झालेले फादर सांतापाऊ आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात ही जाती प्रथम शास्त्रीयदृष्ट्या वर्णन केली आणि नावात बोरिवलीचे रान कायमचे नोंदले गेले. तिच्या मुळांतून वेगळ्या केलेल्या सॅपोनिनांनाही बोरिव्हिलियानोसाइड असेच नाव मिळाले आहे. घरोघरी कुंडीत दिसणारे पट्टेरी पानांचे स्पायडर प्लांट हे याच प्रजातीतले.

जमिनीलगत पसरलेल्या लांबट पानांच्या चक्रातून लागवडीनंतर काही आठवड्यांतच फुलांचा दांडा वर येतो. दांड्यावर ठरावीक अंतरावर फुलांचे लहान घोस असतात, बहुधा तीन-तीनांचे. सहा पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळसर परागकोश असलेले फूल सकाळी उमलते. मधमाश्या येऊन गेल्या की तीन कंगोऱ्यांचे बोंड धरते आणि त्यातून कांद्याच्या बियांसारखे काळे, कोनदार बी मिळते. फुले देखणी असली तरी पीक घेतले जाते ते मुळांसाठी. खोडाच्या चकतीला खालच्या बाजूने मांसल, बोटासारख्या मुळ्यांचा झुपका लटकलेला असतो. या मुळ्या सोलून वाळवल्या की बाजारातली सफेद मुसळी तयार होते.

बाजारात या एका नावाखाली बरेच काही खपते. क्लोरोफायटम ट्युबरोसम या भावंडाची फुले मोठी असतात, पण त्याचे मूळ आधी दोऱ्यासारखे बारीक आणि टोकाशी फुगलेले असते. खऱ्या सफेद मुसळीची मुळी चकतीपासूनच जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. उत्तर भारतात शतावरीच्या कुळीतल्या एका झुडपाची मुळेही सफेद मुसळी म्हणून विकली जातात. काळी मुसळी तर पिवळ्या फुलांची, अगदी वेगळी वनस्पती. बेणे घेताना शेतकऱ्याला निदान झुपक्याची ठेवण ओळखता आलीच पाहिजे, कारण रोपे फुलावर येईपर्यंत चूक कळत नाही आणि तोवर हंगाम हातचा गेलेला असतो.

रानातली मुसळी कमी का झाली, हे समजून घेतल्याशिवाय शेतातली मुसळी नीट पिकवता येत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते. सह्याद्रीच्या पट्ट्यात फोडशी किंवा कुलू म्हणून जी जुडी विकायला येते ती याच प्रजातीतल्या वनस्पतींची. पाने खुडल्याने झाडाचा जीव जात नाही, खालची मुळी शाबूत राहते. खरे नुकसान होते ते मूळ खणण्याच्या वेळेमुळे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पान पिवळे पडून वाळते आणि जमिनीवर खूणही उरत नाही. त्यामुळे गोळा करणाऱ्याला पान हिरवे असतानाच खणावे लागते. थांबला तर झाड सापडत नाही आणि दुसरा कोणी आधी पोचतो. परिणामी मूळ अपक्व निघते, बी जमिनीवर पडण्याआधीच झाड उपटले जाते आणि त्या जागी पुढच्या वर्षी काही उगवत नाही.

शेतात ही अडचण नाही. वाफा कुठे आहे ते माहीत असते, मालक ठरलेला असतो, मूळ पक्व होईपर्यंत ते जमिनीत राहू देता येते. लागवडीचा सर्वांत मोठा फायदा तो हाच. तरीही पैशाच्या घाईने किंवा शेत रब्बीसाठी मोकळे करण्याच्या नादात पान पिवळे पडताच काढणी करणारे शेतकरी दर हंगामात दिसतात. रानातल्या माणसाची ती नाइलाजाची गोष्ट होती. शेतात ती स्वतःहून ओढवून घेतलेली असते.

लागवड होते ती मुळ्यांपासून. बियांची उगवण कमी आणि अनियमित असते, शिवाय बियांच्या रोपाला विकण्याजोगी मुळी धरायला जास्त काळ लागतो. मुळी वापरताना एक गोष्ट सर्वांवर मात करते: मुळीला चकतीचा तुकडा आणि त्यावर डोळा असलाच पाहिजे. नुसती मुळी कितीही जाड आणि ताजी असली तरी तिला कोंब फुटत नाही. झुपक्याला धक्का न लावता धारदार, स्वच्छ चाकूने चकती उभी चिरून प्रत्येक भागाला एक-दोन मुळ्या ठेवल्या जातात. पाच ते दहा ग्रॅम वजनाची, न सुरकुतलेली, साल न सोललेली मुळी बेण्यासाठी योग्य. एकरी ७० ते ८० हजार रोपांसाठी साधारण चार ते सहा क्विंटल बेणे लागते आणि खर्चाचा मोठा वाटा यातच जातो.

नेमक्या याच ठिकाणी शेतकरी नागवला गेला. २०००च्या आसपास औषधी वनस्पतींच्या लागवडीला जोर चढला तेव्हा मुसळीचे बेणे अवाच्या सवा दराने विकले गेले आणि सोबत माल परत विकत घेण्याचे कागदी करार आले. अनेकांनी कर्ज काढून बेणे घेतले. काढणीच्या वेळी खरेदीदार जागेवर नव्हता, आणि असला तरी दर करारातला नव्हता. ही फसवणूक विसरण्याजोगी नाही. पण तिचे खापर पिकावर फोडणेही बरोबर नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, अकोट, अंजनगाव सुर्जी या भागांत मुसळी टिकली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दोन-चार गुंठ्यांपुरते बेणे घ्यावे, पहिल्या दोन हंगामांत ते घरीच वाढवावे आणि मगच क्षेत्र वाढवावे. बेणे विकणाराच माल घेण्याची हमी देत असेल, तर ती हमी हिशेबात धरू नये.

जमीन पोयट्याची, भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. भारी काळ्या रानात मुसळी उगवते, पण पाणी साचले की चकती कुजते आणि काढणीच्या वेळी मातीच्या ढेकळाबरोबर मुळ्या तुटतात. अशा रानात गादीवाफ्याला पर्याय नाही. वाफा फूट-दीड फूट उंच व सुमारे तीन फूट रुंद असावा आणि दोन वाफ्यांमधल्या चरातून पाणी अडथळ्याशिवाय बाहेर जावे. हेक्टरी १० ते २० टन पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. यात ‘पूर्ण कुजलेले’ हा भाग महत्त्वाचा, कारण अर्धकच्च्या खतातून हुमणी शेतात येते. हुमणीने कुरतडलेल्या मुळीला बाजारात किंमत नाही आणि ती बेण्यालाही चालत नाही.

मे सरता सरता हवेत दमटपणा आला की साठवलेल्या बेण्याच्या डोळ्यांतून आपोआप बारीक कोंब डोकावू लागतात. पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफसा येताच लागवड उरकावी. ट्रायकोडर्माच्या द्रावणात बेणे बुडवून सावलीत निथळू द्यावे. दोन ओळींत ३० सेंटिमीटर आणि दोन रोपांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. डोळा वरच्या बाजूला आणि मातीखाली बोटाच्या एका पेराइतकाच असावा. खोल गेलेला डोळा उशिरा उगवतो, आणि मुसळीच्या हिरव्या आयुष्यातले दोन आठवडे वाया जाणे परवडणारे नाही. ते आयुष्यच जेमतेम तीन महिन्यांचे आहे.

त्या तीन महिन्यांत तणाशी सामना सतत चालतो. पाने जमिनीवर टेकलेली असल्याने गवत त्यांना सहज झाकून टाकते. खुरपणी हातानेच आणि उथळ करावी लागते; खुरप्याचे टोक चकतीला लागले तर तिथून कुज शिरते. पावसाने उघड्या पडलेल्या मुळ्यांना प्रत्येक खुरपणीबरोबर मातीची भर द्यावी. सततच्या झडीत पानांवर करप्याचे ठिपके येतात. रोगट पाने काढून शेताबाहेर नेली आणि वाफ्यात हवा खेळती ठेवली तर बहुतेक वेळा तेवढे पुरते. बी धरायचे नसेल तर फुलांचे दांडे कोवळे असतानाच खुडावेत, म्हणजे अन्न मुळीकडे वळते. मात्र थोडी झाडे फुलू द्यावीत. वर्षानुवर्षे एकाच बेण्यावर चाललेल्या पिकात बियांपासून आलेली नवी रोपे मिसळत राहणे हिताचे असते. पावसाने मोठी उघडीप दिली तर हलके पाणी द्यावे. एवढे झाले की हंगामात आणखी फारसे काही करावे लागत नाही.

पाने वाळून गेल्यावर वाफा ओसाड दिसतो. या काळात मुळी आतून घट्ट होते आणि सालीचा रंग फिकट पांढऱ्यावरून तपकिरी, मग काळपट होत जातो. दर पंधरा दिवसांनी एक-दोन झुपके उकरून साल पाहावी. काळपट रंग सर्व मुळ्यांवर चढला म्हणजे मूळ पक्व झाले; बहुतेक ठिकाणी हे डिसेंबर ते फेब्रुवारीत घडते. तोवर ओल टिकेल एवढेच अधूनमधून पाणी द्यावे, आणि रानडुकरांचा वावर असेल तर कुंपण याच काळात पाहून घ्यावे. अपक्व मुळीचे वजन सुकल्यावर जास्त घटते, ती सुरकुतते, पिवळसर पडते आणि व्यापारी ती पाहताक्षणी बाजूला काढतो.

काढणीआधी हलके पाणी देऊन वाफसा आणावा आणि कुदळ झुपक्यापासून लांब मारावी. धुतलेल्या मुळ्या लगेच सोलाव्या लागतात, कारण साल ताजी असतानाच सुटते. ती चाकूने खरवडतात किंवा खडबडीत दगडावर घासून काढतात. हे काम जवळजवळ सर्वत्र बायका करतात. दिवसभर ओल्या, बुळबुळीत मुळ्या धरून बोटे सोलवटतात. मुसळीच्या खर्चाचा हिशेब मांडताना ही मजुरी किरकोळ सदरात टाकण्याची सवय मोडायला हवी; मालाचा शुभ्रपणा आणि पर्यायाने दर याच हातांवर ठरतो. सोललेल्या मुळ्या स्वच्छ कापडावर उन्हात चार ते सात दिवस वाळवतात आणि रात्री दव लागू नये म्हणून आत घेतात. नीट वाळलेली मुळी वाकत नाही, कट् आवाज करून तुटते. सुका माल ओल्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो. तो हवाबंद पिशव्यांत भरला नाही तर दमटपणा धरून पिवळा पडतो.

विक्रीसाठी कागदपत्रेही तयार असावीत. जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने लागवड केलेल्या वनौषधींना सवलत दिली आहे, पण त्यासाठी माल लागवडीतला असल्याचे उत्पत्ती प्रमाणपत्र लागते. म्हणून सातबाऱ्यावर मुसळीची पीकनोंद पहिल्याच हंगामापासून करून घ्यावी आणि बेण्याच्या खरेदीची पावती जपून ठेवावी.

पुढच्या हंगामाचे बेणे विक्रीच्या मालातून उरलेले नसावे. लागवडीतले सर्वांत निरोगी वाफे आधीच राखून ठेवावेत आणि ते शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावेत. या झुपक्यांच्या मुळ्या सुट्या करू नयेत, धुऊ नयेत. माती झटकून अख्खे झुपके सावलीत, हवेशीर खोलीत कोरड्या वाळूच्या थरांमध्ये ठेवावेत. ढीग उंच रचला तर आत उष्णता धरून चकत्या सडतात. पंधरा-वीस दिवसांनी थर उलटून पाहावा, मऊ पडलेला झुपका लगेच बाहेर काढावा आणि कोंब दिसू लागेपर्यंत चकतीला चाकू लावू नये.