पायरीवर बसलेला सूत्रधार

घरात बोलपट सुरू झाला की मी सहसा पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जातो. परवा मात्र नातीच्या आग्रहास्तव ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ हा १९३३ सालचा अमेरिकन संगीत बोलपट अखेरपर्यंत पाहिला. आणि त्याने मला माझ्याच एका दोषाची ओळख करून दिली.

मंदीने गांजलेल्या न्यूयॉर्क शहरात ज्युलियन मार्श हा नामांकित दिग्दर्शक एक संगीत नाटक बसवीत असतो. १९२९ सालच्या शेअरबाजाराच्या पडझडीत त्याचे द्रव्य गेलेले, प्रकृतीही खालावलेली. डोरोथी ब्रॉक ही प्रख्यात नटी नायिका आहे, कारण पैसा पुरविणारा धनिक तिच्यावर लुब्ध आहे. पेगी सॉयर ही नवखी मुलगी मात्र समूहनृत्यातील अनेकींपैकी एक. पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रात्री डोरोथीचा घोटा मोडतो. धनिक आता अ‍ॅन नावाच्या दुसऱ्या एका नर्तकीला पुढे करतो. परंतु ती आपली शक्ती ओळखून माघार घेते आणि पेगीचे नाव सुचविते. कीर्ती दारी आली असता तिला दुसरीच्या घरी धाडणे सोपे नव्हे!

मग मार्श त्या पोरीला अक्षरशः राबवितो. रागावतो, गर्जतो, पुन्हा पुन्हा तेच करवितो. कुबडीच्या आधाराने आलेली डोरोथीही मत्सर गिळून तिला शुभेच्छा देते. पेगी यशस्वी होते. तिची भूमिका करणाऱ्या रूबी कीलरचाही हा पहिलाच बोलपट, हा योग मोठा गोड आहे.

बस्बी बर्कली ह्याने बसविलेल्या नृत्यांत एके ठिकाणी कॅमेरा उंचावरून खाली पाहतो. मुलींची वर्तुळे फुलासारखी उमलतात, पण चेहरा एकीचाही ओळखू येत नाही. एकीच्या उत्कर्षाच्या कथेत बाकीच्या अशा पाकळ्याच होऊन राहतात.

आणि शेवट? प्रयोग संपल्यावर मार्श नाट्यगृहाबाहेरच्या पायरीवर एकटाच बसतो. जाणारे लोक म्हणतात, सारे यश त्या मुलीचे; दिग्दर्शकाला उगीच मान मिळतो. तो ऐकतो आणि काहीच बोलत नाही. संस्कृत नाटकातील सूत्रधारही प्रस्तावना आटोपून असाच निघून जातो.

“आजोबा, त्याला कुणी आत का बोलावलं नाही?” नातीने विचारले. मला उत्तर देववेना. माझ्या एका विद्यार्थ्याचा पुष्कळ वर्षांपूर्वी मोठा सत्कार झाला होता. मी पहिल्या रांगेत होतो. भाषणात त्याने माझे नाव घेतले नाही, म्हणून मी न भेटताच घरी परतलो. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी, हे मीच वर्गात शिकवीत असे!

वाचकहो, दुसऱ्याच दिवशी मी त्या विद्यार्थ्यास अभिनंदनाचे पत्र धाडले. उशीर फार झाला होता. पण पायरीवर बसायला मी आता कुठे शिकतो आहे.