ब्रेक नसलेली गाडी

दोस्तांनो, सायकल तुम्ही सगळेच चालवता. शाळेच्या मैदानावर किंवा खडीच्या रस्त्यावर भरधाव येऊन मागचा ब्रेक करकचून दाबायचा आणि मागचं चाक फर्रकन घसरवून गाडी गर्रकन वळवायची, हा उद्योगही तुमच्यापैकी निम्म्यांनी केलेला असणार. (गुडघ्यावरचे वण मोजून दाखवू नका, माझ्याही गुडघ्यावर आहेत!) आता कल्पना करा, त्या सायकलीच्या जागी ५०० सीसीची मोटरसायकल आहे आणि तिला ब्रेकच नाही. पुढचा नाही, मागचाही नाही. शेजारी अगदी तशाच बिनब्रेकच्या आणखी तीन गाड्या आहेत आणि चौघांनाही पहिल्या वळणावर सगळ्यांच्या आधी पोचायचं आहे.

या खेळाला म्हणतात स्पीडवे. आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही. पण पोलंडमध्ये जाऊन विचारा! तिथं रविवारी लीगचा सामना असला की दहा-पंधरा हजार माणसं गळ्यात संघाचे मफलर अडकवून स्टेडियममध्ये हजर. कोपर्निकसचं नाव तुम्ही भूगोलात वाचलंय ना? पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणारा? त्याचं जन्मगाव तोरून. आज त्या गावात एक मोठ्ठं स्टेडियम आहे आणि तिथं गोल गोल फिरतात त्या मोटरसायकली.

खेळ समजायला सोपा आहे. एकदम चार रायडर, चार फेऱ्या, आणि सगळ्या फेऱ्या डावीकडे वळत. साधारण एका मिनिटात खेळ खलास. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला भोपळा. अशा पंधरा शर्यती झाल्या की संघांचा एक सामना पुरा होतो. गाडीचं वजन कमीत कमी ७७ किलो असावं लागतं आणि टाकीत पेट्रोल नाही, मिथेनॉल असतं. ट्रॅक मातीचा आणि बारीक चुऱ्याचा.

गंमत आहे ती वळणावर. वळण आलं की रायडर अंग झुकवतो, मागचं चाक सुटतं आणि उजवीकडे बाहेर फेकलं जातं. मग गाडी आडवी घसरत राहावी म्हणून तो पुढचं चाक चक्क उजवीकडे वळवतो. म्हणजे गाडी चाललीय डावीकडे आणि हँडल उजवीकडे! डाव्या बुटाखाली पोलादी तळ बांधलेला असतो, तो जमिनीवर घासत ठेवून तोल सांभाळायचा. आणि वेग कमीजास्त करायचा तो फक्त उजव्या मुठीतल्या थ्रॉटलनं. जत्रेतल्या मौत का कुआँमधला गाडीवाला आठवा. तो एकटाच असतो. इथं चौघं, आणि प्रत्येकाच्या मागच्या चाकातून उडालेली माती मागच्याच्या तोंडावर.

ब्रेक का नाही, असं तुम्ही विचाराल. मलाही आधी तो निव्वळ वेडेपणा वाटला होता. पण विचार करा. चौघं एकमेकांना चिकटून पळताहेत. पुढच्यानं मध्येच कच्चकन ब्रेक मारला तर मागचे तिघं त्याच्यावर आदळणार. ब्रेकच नसला तर कुणी अचानक थांबू शकत नाही, आणि म्हणून मागच्याला भरवसा राहतो. म्हणजे या खेळात दुसऱ्याचा जीव आपल्या हातात आणि आपला दुसऱ्याच्या. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर आज मला सांगायचंय ते डार्सी वॉर्डबद्दल.

डार्सीचा जन्म ४ मे १९९२ चा, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यातल्या नानांगो गावचा. ऑस्ट्रेलियात हा खेळ जुना. १९२३ साली वेस्ट मेटलंडच्या एका जत्रेत तो सुरू झाला असं सांगतात. पण तिथल्या पोराला या खेळावर पोट भरायचं तर जायला लागतं युरोपात. २००९ साली डार्सी इंग्लंडमध्ये किंग्ज लिन या संघाकडून उतरला तेव्हा सतरावं वर्ष पुरं व्हायचं होतं. तुमच्या शाळेतली दहावी-अकरावीची मुलं असतात, त्यांच्याएवढा. आणि त्याच वर्षी क्रोएशियातल्या गोरिचान इथं तो २१ वर्षांखालच्यांचा जगज्जेता झाला! पुढच्या वर्षी, २०१० साली, तेच विजेतेपद पुन्हा.

त्याला गाडी चालवताना पाहिलं की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की हा माणूस घाईत नाही. बाकीचे गाडीशी कुस्ती खेळत असतात. डार्सी तिच्यावर असा बसलेला दिसायचा, जसं आपण ओट्यावर पाय सोडून बसतो. सुरुवात चुकून तो मागं पडला तर प्रेक्षक उलट खूश व्हायचे. कारण मग खरी मौज सुरू व्हायची.

ही मौज नेमकी काय, ते सांगतो. ट्रॅकची आतली कड जवळची, म्हणून सगळे तिकडं धावतात. पण दहा शर्यती झाल्या की आतली माती झिजून गुळगुळीत होते आणि सगळा चुरा उडून बाहेरच्या कुंपणापाशी साचतो. त्या भुसभुशीत मातीत चाकाला पकड मिळते. रस्ता लांबचा, पण गाडी सुसाट सुटते. अर्थात कुंपण तिथून वीतभर! डार्सीला ही पकड दिसायची. वळणावर तो सरळ बाहेर जायचा, क्षणभर वाटायचं गेला हा कुंपणावर, आणि पुढच्या सरळ पट्टीवर दोघांना मागं टाकून आत यायचा.

इंग्लंडमध्ये पुढं तो पूल या संघात गेला. तिथं त्याचा जोडीदार होता ख्रिस होल्डर, तोही ऑस्ट्रेलियाचाच. दोघांची गट्टी जमली, ट्रॅकवर आणि बाहेरही. २०११ साली पूलनं इंग्लंडची लीग जिंकली. २०१२ साली ख्रिस जगज्जेता झाला. आता नंबर डार्सीचा, असं जो तो म्हणू लागला. २०१३ पासून जागतिक ग्रां प्री मालिकेत डार्सी पूर्ण वेळ उतरला.

आता जरा त्याच्या रोजच्या जगण्याकडं बघू. स्पीडवेचे मोठे रायडर एकाच वेळी दोन-तीन देशांच्या लीगमधून खेळतात. रविवारी पोलंड, मंगळवारी स्वीडन, बुधवारी इंग्लंड, शनिवारी ग्रां प्री असेल तर आणखी कुठला तरी देश. व्हॅन, विमान, हॉटेल, ट्रॅक, परत व्हॅन. घर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. खिशात पैसे, कारण प्रत्येक गुणामागं पैसे मिळतात. आणि 'आता पुरे, झोप' म्हणायला कुणी नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला हे स्वर्गासारखंच वाटणार. मलाही वाटलं असतं. डार्सीच्या शर्यतींइतकीच त्याच्या पार्ट्यांचीही चर्चा व्हायला लागली. शर्यत जिंकली की लोक म्हणत, पोरगं वयानं लहान आहे, चालायचंच. इथं मोठ्या माणसांनाही मला थोडं विचारावंसं वाटतं. जो मुलगा गुण आणतो त्याचं सगळं आपण खपवून घेतो ना? मग तो ट्रॅकवरचा असो की वर्गातला.

ऑगस्ट २०१४. लॅटव्हियातल्या दाउगाव्पिल्स गावी ग्रां प्री. शर्यतीआधी रायडरांच्या श्वासाची चाचणी झाली. डार्सीच्या श्वासात दारू सापडली. त्याला त्या दिवशी उतरूच दिलं नाही, आणि पुढं दहा महिन्यांची बंदी आली. मोसमातल्या उरलेल्या ग्रां प्री गेल्या, पुढच्या वर्षीच्या मालिकेतली जागाही गेली. वय वर्षं बावीस.

काही चाहत्यांना ही शिक्षा फार वाटली. आदल्या रात्रीची थोडी दारू उरली असेल अंगात, त्यात काय एवढं! पण मघाचं वाक्य आठवा. ब्रेक नसलेल्या चार गाड्या, आणि एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात. शेजारच्या तिघांनी कुणाच्या भरवशावर थ्रॉटल पिळायचा? मला विचाराल तर ती बंदी योग्यच होती.

जून २०१५ मध्ये बंदी संपली आणि डार्सी परत आला. आता पोलंडमध्ये त्याचा संघ होता झिएलोना गुरा. आणि काय परतला म्हणता! दहा महिने ज्याला शर्यत माहीत नाही तो माणूस आल्या आल्या धडाधड जिंकू लागला. जणू कालच गाडीवरून उतरून जेवायला गेला होता. पुढच्या वर्षी हा पुन्हा ग्रां प्रीत येणार आणि कधी ना कधी जगज्जेता होणार, अशी बोलणी सुरू झाली.

तारीख २३ ऑगस्ट २०१५. झिएलोना गुरा विरुद्ध ग्रुज्योंझ. पंधरावी, म्हणजे त्या दिवसाची शेवटची शर्यत. डार्सीच्या पुढं होता रशियाचा आर्टेम लागुटा. त्याला चुकवायला डार्सी बाजूला वळला, पण गाडी लागुटाच्या मागच्या चाकाला निसटती लागली. डार्सी हँडलवरून उडाला आणि कुंपणावर जाऊन आदळला.

रायडरच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तिचं दुसरं टोक गाडीला. रायडर पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. म्हणजे गाडी थांबवायची सोय या खेळानं केली आहे. माणसाला थांबवायला मात्र कुंपणच.

डार्सीच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. पायांतली शक्ती गेली ती गेलीच. त्याची कारकीर्द त्या संध्याकाळी संपली. तेविसाव्या वर्षी.

ही गोष्ट मी माझ्या भाच्याला सांगितली. तो सातवीत आहे. सगळं ऐकून घेतलं आणि शहाण्यासारखा म्हणाला, "म्हणजे मामा, त्याला दारूची शिक्षा मिळाली."

मी 'हो' म्हणणार होतो! अगदी ओठांवर आलं होतं. आपल्या गोष्टींमध्ये असंच असतं ना? चुकला, मग शिक्षा झाली, तात्पर्य लिहून घ्या. मुलं गप्प बसतात आणि मोठ्यांनाही बरं वाटतं. पण मग मी म्हटलं, थांब, तारखा बघू. दारूची चाचणी २०१४ ची. त्याची शिक्षा झाली, दहा महिने, आणि ती त्यानं पुरी भोगली. अपघात २०१५ चा. त्या दिवशी त्यानं दारू प्यायली नव्हती, आणि वेडंवाकडं साहसही केलं नव्हतं. उलट तो दुसऱ्याला चुकवायला गेला होता. ज्या भरवशाबद्दल आपण मघा बोललो, तो भरवसा त्या क्षणी डार्सीनं पाळला होता.

भाच्याला हे पटेना. "मग त्याला का लागलं?" म्हणाला.

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. वेग होता, कुंपण होतं, चाकाला चाक लागलं. एवढंच. ज्यांनी आयुष्यात दारूला शिवलं नाही असेही रायडर या खेळात जायबंदी झाले आहेत. ते कसली शिक्षा भोगताहेत?

"पण मग आई सांगते तसं दारू वाईट नाही का?" हा पुढचा प्रश्न. बघा, मुलं कशी पेचात पकडतात! मी म्हटलं, वाईटच. त्या दारूनं डार्सीचे दहा महिने खाल्ले. जगज्जेतेपदाची एक संधी खाल्ली. पुढं एवढेच मोसम शिल्लक आहेत हे तेव्हा कुणाला माहीत होतं? बाविसाव्या वर्षी वाटतं, एक वर्ष गेलं तर काय बिघडलं, अजून पंधरा आहेत. डार्सीकडं बंदीनंतर उरले होते दोन-अडीच महिने.

यावर मात्र स्वारी बराच वेळ गप्प होती. मीही.

अपघातानंतर जगभरच्या स्पीडवेवाल्यांनी त्याच्यासाठी पैसे गोळा केले. आज त्याच्या गाडीवर डोकं लढवून जिंकलेले, हरलेले, त्याच्यावर रागावलेले सगळे त्याचं नाव काढलं की आधी हसतात, मग कुठली तरी एक शर्यत सांगायला लागतात. आणि प्रत्येकाची शर्यत वेगळी असते.

त्याच्या जुन्या शर्यतींची चित्रफीत कधी बघायला मिळाली, तर आईबाबांना शेजारी बसवून बघा. पुढं कोण आहे तिकडं बघू नका. सुरुवातीला सगळ्यात मागं कोण आहे ते हेरा, आणि मग नजर ठेवा बाहेरच्या कुंपणाकडं, जिथं माती साचलेली असते.