फेंटानिलला नुसता हात लागला तर जीव धोक्यात येतो का?

अमेरिकेतल्या एका पोलिसाने संशयित पावडर तपासली आणि तो जमिनीवर कोसळला. सॅन डिएगो परगण्यातला हा व्हिडिओ ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर पसरला. तो तुमच्याही मोबाइलवर आला असेल. मात्र ही लक्षणे फेंटानिलच्या विषबाधेशी जुळत नाहीत, असे अनेक विषविज्ञान तज्ज्ञांनी लगेच सांगितले. त्याचे कारण समजून घेऊ.

त्वचेतून किती औषध शरीरात जाते?

फेंटानिल हे मॉर्फिनपेक्षा ५० ते १०० पट तीव्र वेदनाशामक आहे. कर्करोगाच्या रुग्णांना त्याचे पॅच लावतात. हे पॅच औषध त्वचेतून आत जावे म्हणूनच बनवलेले असतात, तरीही पूर्ण परिणाम व्हायला कित्येक तास लागतात. कोरडी पावडर तर त्वचेतून फारच कमी शोषली जाते.

अमेरिकेतल्या विषविज्ञान तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१७ मध्ये याचा हिशोब मांडला. दोन्ही तळहात पूर्णपणे पॅचने झाकले, तरी १०० मायक्रोग्रॅम औषध शरीरात जायला सुमारे १४ मिनिटे लागतील. ही मात्रा उपचारात वापरली जाते. औषध कारखान्यातल्या सर्वाधिक दूषित हवेत मास्कशिवाय श्वास घेतला, तर तेवढ्याच मात्रेला २०० मिनिटे लागतील.

मग तो पोलीस कोसळला कसा?

एकट्या व्हिडिओवरून निदान करता येत नाही. पण फरक लक्षात ठेवा. फेंटानिलच्या विषबाधेत श्वास मंदावतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, माणूस बेशुद्ध पडतो. तीव्र भीतीत उलट घडते: श्वास जोरात चालतो, छाती धडधडते, हातांना मुंग्या येतात, चक्कर येते. हा त्रास खरा असतो, नाटक नसते. फक्त त्याचे कारण वेगळे असते.

गैरसमजाची किंमत

अमेरिकेत २०२२ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे दगावली. अशा रुग्णाला वाचवायला हातात काही मिनिटेच असतात. स्पर्शाच्या भीतीने मदत करणारा थबकला, तर ती मिनिटे वाया जातात.

खरा धोका कुठे आहे?

काळजी नकोच, असा याचा अर्थ नाही. पावडर हवेत उडाली, डोळ्यांत किंवा तोंडात गेली तर धोका वाढतो. मॉस्कोच्या नाट्यगृहात २००२ मध्ये फेंटानिलच्या जातीची द्रव्ये हवेत सोडली गेली आणि शंभराहून अधिक ओलीस दगावले.

आपल्याकडे पोलिसांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोन जप्त केले. अशा ठिकाणी पावडरपेक्षा आम्ले, ज्वालाग्राही द्रावके आणि त्यांची वाफ जास्त घातक ठरू शकते. तिथे साधे हातमोजे आणि कापडी मास्क पुरेसे नाहीत.

पोलीस असाल किंवा घरात कोणी पोलीस असेल तर

• अनोळखी पावडर हुंगू नका, चाखू नका, झटकू नका.
• नायट्राइल हातमोजे वापरा. पावडर उडण्याची शक्यता असेल तर योग्य श्वसन-मास्क लावा.
• हाताला लागल्यास साबण-पाण्याने धुवा. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर वापरू नका.
• बंद खोलीत उग्र वास किंवा डोळ्यांची जळजळ जाणवली, तर आधी बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.
• कोणी बेशुद्ध असून श्वास मंद असेल तर १०८ ला फोन करा. नॅलोक्सोन उपलब्ध असेल तर ते द्या आणि श्वासाला आधार द्या.

हातमोजे घातलेत ना? मग समोर निपचित पडलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका.