घरचं विज्ञान : दादाजी कुठे आहेत?

मागच्या महिन्यात कन्हानला बहिणीकडे गेलो होतो. तिचे सासरे, सगळ्यांचे दादाजी, हल्ली रस्ता विसरतात. काही दिवसांपूर्वी असरची नमाज पढून मशिदीतून निघाले, ते मगरिब होऊन गेली तरी घरी आले नाहीत. एकीकडे नदी, एकीकडे रेल्वेलाइन, एकीकडे वाहता हायवे. घरातल्यांचा जीव टांगणीला लागला. रात्री एका ओळखीच्या माणसाने त्यांना घरी आणून सोडले, अल्हम्दुलिल्लाह.

त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणाऱ्या भाचीने मनावर घेतले. दादाजींचे ठिकाण सांगणारे यंत्र घरीच करायचे, आधी टेबलावर चालवायचे आणि जमले की खिशात मावेल एवढे लहान करायचे. तिने निओ-सिक्स-एम नावाचे जीपीएस मॉड्यूल आणले. आर्डुइनो उनो तिच्याकडे होताच. पण चार दिवस झाले तरी कॉम्प्युटरचा पडदा कोरा. घरात निकालही लागला होता : "मॉड्यूल खराब निघाले, दुसरे आणा."

मी म्हटले, "बेटा, आधी बोलणे कुठे तुटते ते पाहू. खराब कोण, ते नंतर ठरवू."

या दोघांचे नाते साधे आहे. मॉड्यूल सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश ऐकते, हिशेब करते आणि दर सेकंदाला एका वायरवरून काही ओळी बोलते. आर्डुइनोने त्या ऐकायच्या. म्हणून तपासही एकेका पायरीने करायचा.

पहिली पायरी वायरची. भाचीने टीएक्सला टीएक्स आणि आरएक्सला आरएक्स जोडले होते. नावे जुळली, पण काम बिघडले. टीएक्स म्हणजे बोलणारे तोंड, आरएक्स म्हणजे ऐकणारा कान. तोंडासमोर तोंड ठेवले तर ऐकणार कोण? मॉड्यूलचे टीएक्स आर्डुइनोच्या ऐकणाऱ्या पिनेला हवे. ती पिनही शून्य किंवा एक नको, कारण उनो त्याच दोन पिनांवरून यूएसबीने कॉम्प्युटरशी बोलतो. आम्ही चार नंबरची पिन घेतली आणि प्रोग्राममध्ये सॉफ्टवेअर-सिरियल वापरले. दोघांचे ग्राउंडही एकमेकांना जोडलेले हवे. उलट दिशेची वायर आम्ही काढूनच टाकली. आपल्याला फक्त ऐकायचे आहे, आणि उनोचे ५ व्होल्ट मॉड्यूलच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवर थेट देणे बरे नाही.

आता पडद्यावर काहीतरी उमटले, पण चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हे. अशी अक्षरे दिसली की वेग तपासा. हे मॉड्यूल मुळात ९६०० बॉडने बोलते. भाचीने कॉम्प्युटरसाठी १,१५,२०० ठेवला होता आणि मॉड्यूललाही तोच लावला होता. ही दोन वेगळी संभाषणे आहेत, प्रत्येकाचा वेग वेगळा असू शकतो. मॉड्यूलच्या बाजूला ९६०० करताच डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या स्वच्छ ओळी आल्या. मॉड्यूल खराब नव्हते!

पण त्या ओळींत आकड्यांच्या जागी नुसते स्वल्पविराम होते आणि 'व्ही' हे अक्षर. 'व्ही' म्हणजे ठिकाण अजून सापडलेले नाही, 'ए' म्हणजे सापडले. इथे वायरींना हात लावू नका, जागा बदला. स्लॅबखाली उपग्रहांचा क्षीण संदेश पोचत नाही. आम्ही सगळे सामान गच्चीवर नेले. पहिल्या वेळी काही मिनिटे लागतात, सबर हवा. थोड्या वेळाने 'ए' आला. वेळ मात्र साडेपाच तास मागे दिसत होती. तो दोष नाही. जीपीएस जागतिक वेळ देते, भारतीय वेळ आपण मोजायची.

मग तिसरी तक्रार, ओळी मधूनच तुटत होत्या. प्रोग्राममध्ये प्रत्येक फेरीत एक सेकंद थांबण्याची आज्ञा होती. ९६०० च्या वेगाने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे येऊ शकतात, आणि सॉफ्टवेअर-सिरियलची साठवण फक्त ६४ अक्षरांची. ती सेकंदाच्या पंधराव्या भागातच भरते, पुढचे सांडून जाते. थांबण्याची आज्ञा काढली, ओळी पूर्ण आल्या.

आता अक्षांश २१.१४, रेखांश ७९.१४ असे आकडे मिळाले. घरात आनंदीआनंद! मी म्हटले, नकाशावर टाकून बघा. खूण उमटली ती नागपूर शहराच्या पूर्वेला, कन्हानपासून चौदा किलोमीटरच्या आसपास.

मॉड्यूलने '२११४' पाठवले होते. त्याचा अर्थ २१ अंश १४ मिनिटे. एका अंशात मिनिटे ६० असतात, १०० नव्हेत. म्हणून १४ ला ६० ने भागायचे आणि उत्तर २१ मध्ये मिळवायचे : २१.२३३. रेखांशाचेही तसेच, ७९.२३३. हा हिशेब केला आणि खूण कन्हानवर आली. टायनी-जीपीएस-प्लस नावाची तयार लायब्ररी हे गणित स्वतःच करते, नवशिक्यांनी तीच वापरावी.

बहीण गप्प झाली. मग म्हणाली, "कोरा पडदा बरा होता रे. निदान काही कळत नाही हे तरी कळत होते. यावर विसंबून आपण दादाजींना नागपुरात शोधत बसलो असतो."

तिचे बरोबर होते. कोरा पडदा आपल्याला सावध ठेवतो, नीटनेटका चुकीचा आकडा गाफील करतो. म्हणून असे काही बनवाल तेव्हा आधी आपल्याला पक्की ठाऊक असलेली जागा त्याला विचारा, आपलेच घर.

भाचीचे काम अजून बाकी आहे. हे ठिकाण मोबाइलवर पोचवायचे आहे, बॅटरी दिवसभर टिकवायची आहे. तोवर बहिणीने दादाजींच्या कुर्त्याच्या आतल्या बाजूला एक छोटी चिठ्ठी शिवली आहे. नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर. तुमच्या घरात असे बुजुर्ग असतील तर ही चिठ्ठी आजच शिवा. यंत्र तयार झाले तरी ती काढू नका.